थिओडोर पार्कर वाचायचा तर कुठून सुरुवात करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्याविषयी वाचताना ‘युनिटेरियन’ हा पंथ समोर आला आणि त्यातून थिओडोर पार्कर हे नाव. हा माणूस धर्मोपदेशक होता की गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता? ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी चालवलेले शासन’ हे लिंकनचे प्रसिद्ध वाक्य मुळात याचे, हे खरे का? आणि त्याचे लेखन चौदा खंडांत आहे म्हणतात, तर सुरुवात कुठून करावी?

एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणा हा माझा शिकवण्याचा विषय. पार्करचे लेखन त्या निमित्ताने सतत हाताशी असते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी पहिल्या प्रश्नातला ‘की’ काढून टाका. पार्करवर लिहिणारे पुष्कळ जण त्याचे दोन तुकडे करतात: धर्मशास्त्राचे अभ्यासक त्याची 1841 ची प्रवचने वाचतात, अमेरिकी यादवीचे अभ्यासक 1850 नंतरची भाषणे वाचतात, आणि दोघांनाही अर्धाच पार्कर भेटतो. एखादी गोष्ट बायबलात आहे एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, असे त्याने बोस्टनच्या पाद्र्यांना सुनावले. पुढे नऊ वर्षांनी त्यानेच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला कळवले की एखादी गोष्ट कायद्यात आहे एवढ्यावरून ती पाळणे मला बंधनकारक नाही. युक्तिवाद तोच. एका ठिकाणी समोर ग्रंथ होता, दुसऱ्या ठिकाणी संसद. पार्करचे सगळे बळ या एका सूत्रात आहे आणि त्याचे धोकेही.

थोडी पार्श्वभूमी लागेल. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे देवाचे त्रैक्य न मानता देव एकच आहे आणि येशू हा देव नसून देवाने पाठवलेला पुरुष आहे, असे मानणारे ते युनिटेरियन. 1805 मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या मुख्य अध्यासनावर त्यांचा माणूस बसला. 1819 मध्ये विल्यम एलरी चॅनिंगने बाल्टिमोरच्या प्रवचनात पंथाची भूमिका जाहीरपणे मांडली आणि 1825 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. पार्कर कामाला लागला तोवर हे बंडखोर बोस्टनचे प्रतिष्ठित झाले होते. त्यांच्या बाकांवर व्यापारी, वकील, न्यायाधीश आणि कापडगिरण्यांचे मालक बसत. त्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतून, गुलामांच्या हातून येई. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पार्करचा जन्म 24 ऑगस्ट 1810 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टन गावचा. अकरा भावंडांत धाकटा. वडील शेतकरी आणि सुतारकाम-यंत्रकाम करणारे, घरात पैसा नाही पण पुस्तके होती. आजोबा कॅप्टन जॉन पार्कर यांनी 19 एप्रिल 1775 रोजी लेक्झिंग्टनच्या मैदानात इंग्रज फौजेसमोर गावकऱ्यांची तुकडी उभी केली होती. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक ती. आजोबांची बंदूक आणि त्यांनी त्या दिवशी इंग्रज सैनिकाकडून घेतलेली दुसरी, अशा दोन बंदुका पार्करच्या अभ्यासिकेत भिंतीवर होत्या. घराण्यात क्षयाने अनेक बळी घेतले; आईही तो लहान असतानाच गेली. आईची एक आठवण त्याने स्वतः लिहिली आहे. चारेक वर्षांचा असताना तळ्याकाठी एक कासव दिसले, मारायला काठी उगारली आणि आतून कोणीतरी ‘हे चुकीचे आहे’ म्हणाले. घरी येऊन आईला विचारले, तर ती म्हणाली, लोक याला सदसद्विवेक म्हणतात, मी याला माणसाच्या आत्म्यातला देवाचा आवाज म्हणते. चरित्रकार हा प्रसंग गोड आठवण म्हणून सांगून पुढे जातात. मला तो पार्करच्या पुढच्या साऱ्या धर्मशास्त्राचा आराखडा वाटतो. अर्थात प्रौढपणी आठवून लिहिलेला आहे, हेही विसरू नये.

रानातली बोरांसारखी फळे विकून त्याने लॅटिनचा शब्दकोश घेतला. 1830 मध्ये हार्वर्डची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला, पण फी भरता येईना, म्हणून शेतावर राबत आणि शाळेत शिकवत घरीच अभ्यास केला. पदवी मिळाली नाही; 1840 मध्ये हार्वर्डने मानद पदवी दिली ती तेवढीच. वॉटरटाउन इथे त्याने स्वतःची शाळा चालवली. तिथे एका कृष्णवर्णीय मुलीला त्याने प्रवेश दिला आणि पालकांनी कुरकुर केल्यावर तिला काढून टाकले. पुढच्या आयुष्यात या गोष्टीची त्याला लाज वाटत राहिली. 1834 ते 1836 हार्वर्डच्या धर्मशास्त्र शाळेत शिकताना त्याने भाषांचा सपाटा लावला: हिब्रू, ग्रीक, जर्मन तर होत्याच, पण अरबी, सीरियाक, डॅनिश अशा विसेक भाषांत त्याने हात घातला. सगळ्यांत पारंगत होता असे नाही. पण जर्मन पंडितांची बायबलची चिकित्सा मुळातून वाचू शकणारे अमेरिकी पाद्री तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि पार्कर त्यांत अग्रभागी होता, हे महत्त्वाचे.

1837 मध्ये लिडिया कॅबटशी लग्न झाले आणि त्याच वर्षी बोस्टनजवळच्या वेस्ट रॉक्सबरी या खेडेवजा गावी त्याची धर्मोपदेशक म्हणून नेमणूक झाली. पुढल्याच वर्षी, 15 जुलै 1838 रोजी, विचारवंत आणि निबंधकार एमर्सनने हार्वर्डच्या धर्मशास्त्र शाळेत ते गाजलेले भाषण केले: चमत्कारांवर श्रद्धा टेकवू नका, देवाचा प्रत्यय स्वतःच्या आत्म्यात घ्या. पार्कर श्रोत्यांत होता. पंथाचे बुजुर्ग अँड्र्यूज नॉर्टन यांनी एमर्सनवर तोफ डागली, तेव्हा पार्करने ‘लेव्ही ब्लॉजेट’ या टोपणनावाने, साध्या खेडुताच्या सोंगात, नॉर्टनना उत्तर दिले. एमर्सन आधीच धर्मोपदेशकाचा व्यवसाय सोडून बाहेर पडला होता. पार्करचा पेच अधिक अवघड होता, कारण त्याला चर्चच्या आत राहून हेच म्हणायचे होते.

ते त्याने 19 मे 1841 रोजी म्हटले. दक्षिण बोस्टनमध्ये चार्ल्स शॅकफर्ड या तरुण पाद्र्याच्या दीक्षाविधीत प्रवचन द्यायला त्याला बोलावले होते. विषय: ख्रिस्ती धर्मातले क्षणिक काय आणि शाश्वत काय. शीर्षकाची कल्पना जर्मन पंडित श्ट्राउसच्या एका निबंधावरून घेतलेली, पण मांडणी स्वतःची. देवावर प्रेम आणि माणसावर प्रेम, एवढे शाश्वत. विधी, मतप्रणाली, बायबल अचूक असल्याचा दावा, येशूच्या स्वरूपाविषयीचे सिद्धान्त, हे सगळे युगागणिक बदलत आले आणि पुढेही बदलेल. इथवर ऐकणाऱ्यांनी कदाचित सोसले असते. पुढचे पाऊल जड गेले. भूमितीची प्रमेये युक्लिडच्या अधिकारावर उभी नसतात, ती स्वतःच खरी असतात. मग धर्मातली मोठी सत्ये येशूच्या वैयक्तिक अधिकारावर का टेकवायची? येशू झालाच नव्हता असे उद्या सिद्ध झाले, तरी त्याने सांगितलेले सत्य तसेच उभे राहील.

युनिटेरियनांना हे का झोंबले ते समजून घ्या. त्यांनी त्रैक्य सोडले होते, पण चमत्कार सोडले नव्हते. येशू देव नाही. मग त्याचे ऐकायचे का? कारण देवाने चमत्कारांच्या रूपाने त्याच्या अधिकारपत्रावर शिक्का मारला आहे, हे त्यांचे उत्तर. पार्करने तो शिक्काच अनावश्यक ठरवला. त्यातून सभेत हजर असलेल्या तीन सनातनी पाद्र्यांनी वृत्तपत्रांतून जाहीर सवाल केला: हा माणूस तुमच्या मते ख्रिस्ती आहे का? सनातन्यांनी वर्षानुवर्षे युनिटेरियनांना हेच विचारले होते. आता त्यांना ते आपल्याच माणसाला विचारावे लागले.

पुढे जे झाले त्यात पार्करच्या कहाणीतला सगळ्यांत मजेदार भाग आहे. युनिटेरियनांची बढाई अशी, की आमच्यात सर्वांनी मानलेच पाहिजे असे श्रद्धासूत्र नाही, कोणावर श्रद्धेची सक्ती नाही. श्रद्धासूत्र नाही तर पाखंडी ठरवून हाकलायचे कशाच्या आधारे? मग त्यांनी आपल्याकडे गावकी जे करते ते केले: वाळीत टाकले. त्या काळी पाद्री आळीपाळीने एकमेकांच्या चर्चमध्ये प्रवचने देत. ते एकमेकांना मान्य असल्याचे ते चिन्ह होते आणि दर रविवारी नवे प्रवचन लिहिण्यापासून सुटकाही. पार्करशी ही अदलाबदल एकामागून एकाने बंद केली. जॉन सार्जंटने ती चालू ठेवली तर त्याला पद सोडावे लागले. जेम्स फ्रीमन क्लार्कने 1845 मध्ये केली तर त्याच्या चर्चमधली काही कुटुंबे उठून गेली.

जानेवारी 1843 मध्ये बोस्टनच्या पाद्र्यांच्या मंडळाने त्याला चहापानाला बोलावले आणि त्याने आपणहून राजीनामा द्यावा असे सुचवले. तोवर त्याचे ‘धर्मविषयक विवेचन’ हे मोठे पुस्तक बाहेर आले होते. पार्करने नकार दिला. म्हणाला, इथे मुक्त विचाराच्या हक्काचा प्रश्न आहे, मी जाणार नाही; घालवायचे तर तुम्ही घालवा. तास-दोन तास तो सगळ्यांना ठामपणे उत्तरे देत होता. शेवटी एकदोघांनी त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले, तेव्हा मात्र त्याला रडू आवरेना आणि तो खोलीतून बाहेर पडला. त्याच वर्षी त्याने डे वेट या जर्मन पंडिताचा जुन्या करारावरील ग्रंथ स्वतःच्या टिपांसह इंग्रजीत आणला. अनेक वर्षांची मेहनत होती ती. विकली गेली फार थोडी. मग वर्षभर युरोपात फिरून आला.

22 जानेवारी 1845 रोजी बोस्टनच्या काही नागरिकांनी एक ठराव केला: पार्करला बोस्टनमध्ये ऐकले जाण्याची संधी मिळाली पाहिजे. एवढाच ठराव, त्यात धर्ममत नाही, पंथ नाही. चर्च कोणी देईना म्हणून मेलोडियन नावाचे नाटकगृह भाड्याने घेतले. 16 फेब्रुवारीला तिथे पहिले प्रवचन झाले आणि नोव्हेंबर 1852 मध्ये जागा अपुरी पडू लागल्यावर मंडळी नव्या म्युझिक हॉलमध्ये गेली. तिथे रविवारी दोन-तीन हजार माणसे येत. गुलामगिरीविरोधी संपादक विल्यम लॉइड गॅरिसन, कवयित्री ज्युलिया वॉर्ड हाव, कादंबरीकार लुइझा मे अल्कॉट ही श्रोत्यांतली काही नावे. एरवी चर्चमध्ये पाऊल न टाकणारे कारागीर, नास्तिक, चळवळे यांचा भरणा मोठा.

वक्ता म्हणून तो देखणा नव्हता. टक्कल, चष्मा, सपाट आवाज, कागदावरून वाचायचा. मग लोक का येत? त्याच्या प्रवचनात जग असे. व्यापारी वर्गावर प्रवचन, शहरातल्या नाशाच्या वाटेवरल्या वर्गांवर प्रवचन, मेक्सिकोशी चाललेल्या युद्धाविरुद्ध प्रवचन, 1853 मध्ये स्त्रियांच्या सार्वजनिक कार्यावर प्रवचन. मजुरी, घरभाडे, तुरुंगातली माणसे, शाळांचा खर्च यांचे आकडे तो व्यासपीठावरून देई आणि मग विचारी की हे ख्रिस्ती गाव आहे का. प्रार्थनेत तो देवाला पिता आणि माता असे दोन्ही म्हणे. तेव्हाच्या बोस्टनला ते कानाला नवे होते. हिवाळ्यात रेल्वेने गावोगावी फिरून वर्षाला ऐंशी ते शंभर व्याख्याने, शिवाय रात्री पत्रव्यवहार. पन्नाशीही न गाठता तो गेला याचे एक कारण क्षय आणि दुसरे ही धावपळ.

आता 1850 कडे येऊ. पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा त्या सप्टेंबरात झाला. त्याची कलमे डोळ्यांखालून घालावीत अशी आहेत. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. ज्युरी नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. पळालेल्याला आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. मॅसॅच्युसेट्सचा नेता डॅनिएल वेब्स्टर, ज्याच्याकडे उत्तरेतले लोक आदराने पाहत, तो हा कायदा ज्या उत्तर-दक्षिण तडजोडीचा भाग होता तिच्या बाजूने उभा राहिला. बोस्टनचे व्यापारी आणि गिरणीमालक त्याच्या पाठीशी. वर कापसाचा उल्लेख केला तो याचसाठी. 1843 मध्ये ज्या वर्गाच्या पाद्र्यांनी पार्करला चहापानाला बोलावून बाहेर जायला सुचवले, त्याच वर्गाला आता दक्षिणेशी व्यापार बिघडवायचा नव्हता.

विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जोडपे पार्करच्या मंडळीतले. 1848 च्या डिसेंबरात ते जॉर्जियातून पळाले होते. एलन उजळ वर्णाची. तिने आजारी गोऱ्या जमीनदाराचा वेश केला, विल्यम तिचा नोकर झाला आणि दोघे आगगाडी-आगबोटीतून उघड प्रवास करत उत्तरेत पोचले. 1850 च्या ऑक्टोबरात त्यांना पकडायला माणसे बोस्टनला आली. पार्करने एलनला स्वतःच्या घरी लपवले आणि प्रवचने लिहिताना टेबलाच्या खणात भरलेले पिस्तूल ठेवले. नंतर तो पकडायला आलेल्यांच्या हॉटेलात जाऊन त्यांना सांगून आला की शहर सोडा, तुमच्या जिवाची हमी नाही. ते गेले. 7 नोव्हेंबरला त्याने क्राफ्ट दांपत्याचे कायदेशीर लग्न लावले, कारण गुलामांच्या लग्नाला दक्षिणेत कायद्याची मान्यता नव्हती. विल्यमच्या हाती एक बायबल दिले आणि एक मोठा सुरा. दोघे इंग्लंडला निघून गेले. मग पार्करने राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना पत्र लिहिले: ही माणसे माझ्या मंडळीतली आहेत, मी कायदा मोडला आहे, पुढेही मोडेन. मी मालमत्ता, स्वातंत्र्य, प्राण पणाला लावले नाहीत तर आजोबांच्या त्या बंदुका फेकून द्याव्या लागतील.

हे पत्र आणि 1841 चे प्रवचन एका बैठकीत वाचून पाहा. माणसाच्या अंतःकरणाला न्यायाची जी थेट जाणीव होते, ती कोणत्याही लिखित अधिकाराच्या वर, हे गृहीतक दोन्हीकडे आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या वाचनातून त्याने ते पक्के केले होते. ईश्वर, नीतिनियम आणि अमरत्व यांचे ज्ञान माणसाला उपजत असते, अशी त्याची धारणा होती.

मे 1854 मध्ये व्हर्जिनियातून पळालेला गुलाम अँथनी बर्न्स बोस्टनमध्ये पकडला गेला. 26 तारखेला फॅन्यूल हॉलच्या सभेत पार्करने सुरुवात केली, ‘व्हर्जिनियाच्या प्रजाजनहो!’ आणि सभागृहातून ‘नाही, नाही’ असा गलका उठला. त्या रात्री जमावाने न्यायालयावर चाल केली, एक पहारेकरी मारला गेला, बर्न्स सुटला नाही. 2 जूनला सैन्याच्या बंदोबस्तात, दुतर्फा गर्दीतून, त्याला बंदरावर नेऊन जहाजात चढवले. वर्षअखेरीस पार्करवर या प्रकरणी आरोपपत्र आले. त्याने बचावाचे लांबलचक भाषण तयार केले, पण एप्रिल 1855 मध्ये तांत्रिक मुद्द्यावर खटला निकालात निघाला आणि बिचाऱ्याचे भाषण तसेच राहिले. मग त्याने ते पुस्तक म्हणून छापले. इंग्रजी राज्यातल्या लाचार न्यायाधीशांचा इतिहास वाचायचा असेल तरच हाती घ्यावे.

त्याच्या सूत्राची धार इथून पुढे दुसऱ्या बाजूने दिसू लागते. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनला पैसा आणि शस्त्रे पुरवणाऱ्या सहा जणांच्या गुप्त गटात पार्कर होता. ब्राऊनने ऑक्टोबर 1859 मध्ये हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला, तेव्हा पार्कर अमेरिकेत नव्हता. त्या जानेवारीत फुप्फुसातून रक्त गेल्याने प्रवचने थांबली होती. आधी वेस्ट इंडीजमधल्या सांता क्रूझ बेटावर, मग युरोपात, असा हवापालट चालू होता. रोमहून त्याने पत्र लिहिले: गुलामीत ठेवलेल्या माणसाला, त्याच्या सुटकेच्या आड येणाऱ्याला ठार करण्याचा नैसर्गिक हक्क आहे, आणि मुक्त माणसाचे त्याला मदत करणे हे कर्तव्य असू शकते. सदसद्विवेक सर्वोच्च मानला की तो कुठवर नेईल याला कुंपण राहत नाही. पार्करला ते कळत होते आणि त्याने माघार घेतली नाही. कायद्याने ज्यांना माणूसच मानले नव्हते त्यांच्यापुरता त्याचा युक्तिवाद मला पटतो. तोच युक्तिवाद प्रत्येक आवेशी माणसाच्या हाती द्यायला मात्र मी तयार होणार नाही.

10 मे 1860 रोजी तो फ्लॉरेन्समध्ये वारला आणि तिथल्या इंग्रज दफनभूमीत त्याला पुरले. यादवी युद्ध त्याने पाहिले नाही. शेवटच्या दिवसांत भेटायला आलेल्या लेखिका फ्रान्सेस पॉवर कॉबने पुढे 1863 पासून त्याच्या समग्र लेखनाचे ते चौदा खंड लंडनहून संपादित केले. गुलामीतून पळून पुढे चळवळीचा नेता झालेला फ्रेडरिक डग्लस 1887 मध्ये मुद्दाम त्या कबरीवर गेला होता.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वंशाविषयीची पार्करची मते त्याच्या काळाच्या बऱ्याच जणांसारखीच होती, काही ठिकाणी अधिक ठाम. अँग्लो-सॅक्सन वंश सर्वांत पुढारलेला, आफ्रिकी माणूस स्वभावतः सौम्य आणि सोशीक, अशी विधाने त्याच्या भाषणांत आणि पत्रांत सापडतात. आयरिश कॅथलिकांविषयी तो तुसडेपणाने लिहितो. गुलामाच्या हक्कासाठी प्राण द्यायला तयार असलेला माणूस त्याला बरोबरीचा मानतच असेल, असे धरून चालू नये. कदाचित म्हणूनच तो अभ्यासायला चांगला विषय आहे: न्यायाचे तत्त्व त्याने उचलले आणि मोठ्या धैर्याने पाळले, पण पूर्वग्रह त्या तत्त्वाच्या तपासणीला लावले नाहीत.

आता लिंकन. 29 मे 1850 च्या गुलामगिरीविरोधी परिषदेत पार्करने लोकशाहीची व्याख्या ‘सर्व लोकांचे, सर्व लोकांनी, सर्व लोकांसाठी चालवलेले शासन’ अशी केली आणि पुढेही अनेकदा वापरली. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्न्डन हा पार्करचा चाहता आणि पत्रमित्र. त्याच्या सांगण्यानुसार त्याने पार्करचे 1858 चे एक व्याख्यान लिंकनला दिले आणि लिंकनने त्या ओळीखाली खूण केली. हे वाक्य असलेले लिंकनचे गेटिसबर्गचे भाषण 1863 चे. तेव्हा पार्करकडून घेतले असावे, हे म्हणणे बळकट आहे. पण वेब्स्टरने 1830 मध्येच याच्या जवळ जाणारे वाक्य सिनेटमध्ये उच्चारले होते, त्यामुळे मूळ जनकत्व पार्करला देऊ नका. ज्या वेब्स्टरला त्याने 1852 मध्ये मृत्यूनंतरच्या प्रवचनातही सोडले नाही, त्याच्याशी हे वाक्य वाटून घ्यावे लागते, यात काव्यगत न्याय आहे खरा.

दुसरे वाक्य अधिक निर्विवादपणे त्याचे. नैतिक विश्वाची कमान लांब आहे पण ती न्यायाकडे वळते, हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावावर खपते. त्याचे बीज पार्करच्या 1853 च्या दहा प्रवचनांच्या संग्रहात आहे. मुळात ते कितीतरी सावध आहे: ही कमान मला पुरती दिसत नाही, माझी नजर थोड्याच अंतरापर्यंत जाते, डोळ्यांनी वळण मोजता येत नाही, विवेकानेच अंदाज बांधतो, पण जेवढे दिसते त्यावरून ती न्यायाकडे वळते याची मला खात्री आहे. किंग यांनी ते घोषणेइतके आटोपशीर केले.

आपल्याकडच्या धाग्याविषयी. बंगालच्या ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन पार्करचे वाचक होते आणि उपजत ईश्वरज्ञानाची कल्पना ब्राह्मो विचारात रुजण्यात युनिटेरियन साहित्याचा वाटा आहे. सेन 1864 मध्ये मुंबईला येऊन गेले, 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत व अचूक नाही हे त्याच्या तत्त्वांत आले. याचे श्रेय पार्करला देण्याची गरज नाही. समाजाच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होते आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांना उसन्या विवेकाची गरज नव्हती. महर्षी शिंदे 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर शिकले, तोवर पार्करचे पाखंड त्या पंथात बहुतांश सर्वमान्य झाले होते. 1906 मध्ये त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. पार्कर त्यांतला एक, एवढे म्हणता येते. जोतीरावांनी त्याला वाचले होते असा दावा मात्र करू नका. त्यांचे नाते ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणाऱ्या थॉमस पेनशी आहे.

वाचनाचा क्रम सांगतो. पहिल्या खंडापासून सुरू केलेत तर सोडून द्याल. ‘धर्मविषयक विवेचन’ हे पुस्तक विद्वत्तेच्या ओझ्याने वाकलेले आहे. सुरुवात शेवटाकडून करा. एप्रिल 1859 मध्ये सांता क्रूझ बेटावरून त्याने आपल्या मंडळीला लिहिलेले दीर्घ पत्र, ‘धर्मोपदेशक म्हणून माझा अनुभव’, हे खरे तर त्याचे आत्मचरित्र आहे आणि आजारी माणसाने लिहूनही सर्वांत मोकळे. मग 1841 चे प्रवचन, त्यानंतर फिलमोरना पत्र आणि 1853 च्या संग्रहातले न्याय व सदसद्विवेकावरचे प्रवचन. हे पचले की वेब्स्टरवरचे घ्या. तिथे त्याचा राग आणि तुटलेला आदर एकत्र आहेत. डे वेटच्या भाषांतराकडे ग्रंथालयात जाऊन नुसते पाहून यावे, पुरे. आणि विनोदी पार्कर कसा होता ते पाहायचे असेल तर स्वित्झर्लंडमध्ये, मरणाच्या वर्षभर आधी लिहिलेले भुंग्याचे भाषण शोधा. त्यात एक विद्वान भुंगा आपल्या जातभाईंच्या सभेत सिद्ध करतो की सारे विश्व अखेर भुंगा निर्माण व्हावा म्हणूनच घडले आहे.